नाकाची प्रतिकृती, नमुन्याची खात्री

महाराष्ट्रात कोविड-१९ च्या पहिल्या रुग्णांची नोंद ९ मार्च २०२० रोजी पुण्यात झाली आणि त्यानंतरच्या अवघ्या काही आठवड्यांत एक लहानशी काडी घराघरांत परिचयाची झाली. नाकातील व घशातील स्राव टिपून घेणारी ही काडी, म्हणजेच स्वॅब. पुणेकरांनी ती २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीतही पाहिली होती. परंतु २०२० मध्ये ती शाळांच्या वर्गखोल्यांत, मंगल कार्यालयांत आणि ग्रामीण रुग्णालयांच्या आवारांतील मांडवांत जाऊन पोचली. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असे : दुखेल का? काडी हाती धरणाऱ्याच्या मनातही एक प्रश्न असे, पण तो बोलून दाखविण्याची सोय नव्हती. आपली काडी योग्य जागी पोचली का?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर पुढचे सारेच चुकते. प्रयोगशाळेतील यंत्र कितीही नाजूक असो, रसायने कितीही उत्तम असोत, काडीवर जे आलेच नाही ते यंत्राला सापडणार नाही. बाधित व्यक्तीच्या हाती 'बाधा नाही' असा अहवाल पडतो. ती व्यक्ती निर्धास्तपणे घरी जाते, वृद्ध आईवडिलांजवळ बसते, दुसऱ्या दिवशी कामावर जाते. असा खोटा नकार अनेक कारणांनी मिळू शकतो. रोगाच्या कितव्या दिवशी नमुना घेतला, तो प्रयोगशाळेपर्यंत किती थंडाव्यात पोचला, यांवरही बरेच अवलंबून असते. मात्र नमुना नीट न घेतला जाणे हे त्यांपैकी असे कारण आहे, की जे केवळ प्रशिक्षणाने दूर होऊ शकते.

असे प्रशिक्षण जिवंत माणसाच्या नाकावर चुका करीत द्यायचे, की चुका सहन करणारे दुसरे एखादे नाक तयार करायचे? २०२० मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील वैद्यकतज्ज्ञांनी, तसेच अन्य काही देशांतील रुग्णालयांनी या प्रश्नाचे उत्तर त्रिमिती मुद्रणाच्या साहाय्याने शोधले. मुद्रकातून कागदावर अक्षरे उमटावीत, तसे प्लास्टिकचे एकावर एक पातळ थर रचून त्यांनी मानवी नाकाची आतून-बाहेरून हुबेहूब प्रतिकृती तयार केली आणि काडी धरणाऱ्याचा हात आधी तिच्यावर तयार केला.

दिसते तसे नसते

या प्रतिकृतीची गरज का भासावी हे समजण्यासाठी नाकाची अंतर्रचना थोडी जाणून घ्यावयास हवी. नाक बाहेरून पाहिले, तर ते ओठांपासून कपाळाकडे चढत जाणारे दिसते. साहजिकच नाकपुडीत शिरलेली वाटही वर, डोळ्यांच्या दिशेने जात असेल, असा सर्वसाधारण माणसाचा समज असतो. नवशिक्याचा हात याच समजुतीने काडी वर रोखतो. वास्तविक नाकाची पोकळी सरळ मागे, कानाच्या दिशेने जाते. तोंडाचे छत, म्हणजे टाळू, हीच नाकाची जमीन होय. काडी या जमिनीला समांतर, तिच्याजवळून सरकत गेली पाहिजे. पोकळीच्या मागील टोकाला, पडजिभेच्या वर दडलेला जो घशाचा भाग असतो, त्यास नासाग्रसनी म्हणतात. श्वसनमार्गाच्या अनेक विषाणूंचा शोध घेण्यासाठी स्राव टिपावयाचा तो तेथील. प्रौढ माणसात नाकपुडीपासून ही जागा साधारणपणे ८ ते १० सेंटिमीटर आत असते. कार्यकर्त्यांना सांगितली जाणारी ढोबळ खूण अशी, की नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंत जेवढे अंतर, तेवढी काडी आत जावी किंवा मागील भिंतीचा मऊ अडथळा हाताला जाणवावा.

वाटेत अडथळेही आहेत. दोन नाकपुड्यांमधील पडदा पुष्कळांच्या बाबतीत एका बाजूस झुकलेला असतो. बाजूच्या भिंतीवर शिंपल्यांसारखी वळलेली तीन हाडे, म्हणजे शुक्तिका, एकावर एक असतात. त्यांच्यावरील त्वचा रक्तवाहिन्यांनी भरलेली व हळवी असते. काडीचा जोराचा धक्का लागला, की रक्त येते. आणि पोकळीच्या अगदी वर, चुकीच्या दिशेने गेलेल्या काडीच्या मार्गात, चाळणीसारखी छिद्रे असलेले एक पातळ हाड आहे. गंधाचे ज्ञान देणारे मज्जातंतू त्या छिद्रांतून खाली उतरतात आणि हाडाच्या पलीकडे मेंदू असतो. अमेरिकेत २०२० मध्ये एका रुग्णाच्या नाकातून तपासणीनंतर मेंदूभोवतीचा द्रव पाझरू लागल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. त्या रुग्णाच्या कवटीच्या तळाशी पूर्वीपासूनच एक न कळलेला दोष होता, हेही त्या नोंदीत नमूद आहे. अशी उदाहरणे अत्यंत विरळ आहेत व त्यांवरून तपासणीची धास्ती घेण्याचे कारण नाही. दिशा किती महत्त्वाची आहे, एवढेच त्यावरून ध्यानात येते.

दिशेविषयी आणखी एक गोष्ट आहे आणि ती तक्त्यावरील चित्र दाखवून समजावणे फार कठीण जाते. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नमुना देणाऱ्याचे डोके मागे झुकविले जाते. डोके झुकले, की टाळूही झुकते. ताठ बसलेल्या माणसात जी दिशा आडवी होती ती आता आडवी राहात नाही. जो कार्यकर्ता 'काडी आडवी धरा' एवढेच पाठ करून आला असेल, त्याची काडी झुकलेल्या डोक्यात नेमकी चुकीच्या बाजूस जाते. म्हणून दिशा जमिनीवरून न ठरविता टाळूवरून आणि कानावरून ठरवावी लागते. हे वाक्य वर्गात दहा वेळा ऐकूनही जे उमगत नाही, ते मागे-पुढे झुकणाऱ्या मानेवर बसविलेल्या प्रतिकृतीत काडी दोनदा घालून पाहिली, की हाताला उमगते.

भोपळ्यापासून प्लास्टिकपर्यंत

रुग्णाला हात लावण्यापूर्वी निर्जीव वस्तूवर हात बसवावा, ही कल्पना नवी नाही आणि परकी तर मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या', म्हणजे सराव, या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर, शिर उघडण्याचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, टाके घालण्याचा कापडावर व मऊ चामड्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. पट्ट्या बांधण्यासाठी तर माणसाच्या आकाराचा पुतळाच सुचविला आहे. आजच्या विषयाशी सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे शलाका घालून पोकळीचा ठाव घेण्याचे. त्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड, बांबू व पोकळ बोरू वापरावेत, अशी योजना आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटेवर हाताच्या जाणिवेने पुढे जावयाचे, हेच ते कौशल्य. शास्त्र मुखोद्गत असूनही ज्याने असा सराव केला नाही तो कर्मास अयोग्य होय, असा त्या अध्यायाचा रोख आहे.

युरोपात अठराव्या शतकात मादाम द्यु कुद्रे या फ्रेंच सुईणीने कापड, चामडे व भरणाचे साहित्य वापरून प्रसूतीची एक प्रतिकृती तयार केली. १७५९ मध्ये राजाज्ञा मिळाल्यावर ती प्रतिकृती घेऊन त्या वर्षानुवर्षे फ्रान्सच्या प्रांताप्रांतांत फिरल्या आणि हजारो ग्रामीण स्त्रियांना त्यांनी सुईणीचे शिक्षण दिले. लिहिता-वाचता न येणाऱ्या विद्यार्थिनींनाही हातांनी शिकता येईल, हा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या प्रतिकृतींपैकी एक आजही रुआँ येथील संग्रहालयात आहे. पुढे १९६० मध्ये नॉर्वेतील ओस्मुंड लार्डाल या खेळणी बनविणाऱ्या उद्योजकाने मऊ प्लास्टिकची बाहुली तयार केली, आणि बंद पडलेला श्वास तोंडाने कसा चालू करावा हे जगभरच्या लोकांना तिच्यावर शिकविण्यात येऊ लागले. बाहुल्या घडविणाऱ्या हाताने असे जीवरक्षक काम करावे, हा योगायोग नोंदण्यासारखा खरा.

या सर्व साधनांना एक मर्यादा होती. त्यांचा आकार कारागिराच्या नजरेतून उतरलेला असे. नाकाच्या आतील भागासारखी वेडीवाकडी, अरुंद आणि झाकलेली पोकळी हाताने कोरणे किंवा साच्यात ओतणे जिकिरीचे होते. ही अडचण दोन शोधांच्या मिलाफाने दूर झाली. पहिला शोध सी. टी. स्कॅनचा. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. १९७९ मध्ये अॅलन कॉरमॅक यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा शोध त्रिमिती मुद्रणाचा. जपानमधील नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थर रचून वस्तू घडविण्याची रीत प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये अशाच पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९८६ मध्ये त्यांना ते मिळाले. एका शोधाने शरीराचे पातळ काप चित्ररूपाने हाती दिले, दुसऱ्याने पातळ काप एकावर एक ठेवून वस्तू उभी करण्याची युक्ती दिली. दोन्हींची भाषा थरांचीच असल्यामुळे त्यांची सांगड लवकर जमली.

प्रतिकृती कशी तयार होते?

आरंभ होतो तो रुग्णालयात पूर्वीच घेतलेल्या एखाद्या स्कॅनपासून. केवळ प्रतिकृतीसाठी कोणाला क्ष-किरणांखाली झोपविण्याची आवश्यकता नसते; सायनसच्या विकारांसाठी डोक्याचे स्कॅन एरवीही घेतले जातातच. मात्र त्यावरील नाव-गाव काढून टाकले पाहिजे. कवटीवरील त्वचेचा आकार संगणकात पुन्हा उभा केला, तर चेहरा ओळखू येण्याइतका स्पष्ट होऊ शकतो. त्यामुळे चेहऱ्याचा बाह्यभाग वेगळ्या साच्याचा वापरणे इष्ट असते.

स्कॅनच्या प्रत्येक बिंदूला त्याच्या घनतेनुसार एक अंक मिळालेला असतो. या मापनात पाणी शून्यावर, हवा उणे १,००० वर आणि हाड शेकड्यांच्या वरच्या अंकांत असते. नाकाची पोकळी हवेने भरलेली असल्यामुळे 'हवेचे अंक तेवढे निवडा' असे सांगितले, की संगणक त्या पोकळीचा ठसा वेगळा काढून देतो. पुढचे काम मात्र यंत्रावर सोडून भागत नाही. पातळ हाडे स्कॅनमध्ये कधी तुटक दिसतात, चिकट स्राव साठलेली जागा भरीव दिसते. कान-नाक-घसा तज्ज्ञाने चित्रांवर बसून या चुका दुरुस्त कराव्या लागतात. प्रतिकृतीची गुणवत्ता मुद्रकाच्या किमतीपेक्षा या तासा-दोन तासांच्या तपासणीवर अधिक अवलंबून असते.

त्यानंतर पोकळीभोवती भिंत देऊन, संपूर्ण आकार नाकाच्या मधल्या पडद्यालगत उभा दोन भागांत विभागतात. ही विभागणी प्रशिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कापलेल्या बाजूवर पारदर्शक काच किंवा प्लास्टिकचा पत्रा बसविला, की काडीचे टोक कोठे आहे हे प्रशिक्षणार्थीला बाहेरून दिसते. मुद्रक तापलेल्या नळीतून प्लास्टिकची तार सोडत साधारणपणे एक ते दोन दशांश मिलिमीटर जाडीचे थर घालतो. एका डोक्याच्या मुद्रणास आकारानुसार कित्येक तास लागतात. या कामी सर्वाधिक वापरले जाणारे प्लास्टिक मका, ऊस यांच्यातील शर्करेपासून बनते, ही गोष्ट ऊसकऱ्यांच्या महाराष्ट्रात कुतूहलाची ठरावी. पण या प्लास्टिकमध्ये एक खोड आहे. सुमारे ६० अंश सेल्सियसला ते मऊ पडू लागते. विदर्भातील वैशाख महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद जीपमध्ये प्रतिकृती विसरली, तर तिचे नाक वाकडे होण्याची भीती असते.

कडक प्लास्टिकच्या नाकावर दिशा शिकता येते, पण स्पर्श शिकता येत नाही. खरे नाक मऊ, ओलसर व किंचित दबणारे असते. यासाठी आतील भाग लवचिक तारेने मुद्रित करतात किंवा मुद्रित साच्यात सिलिकॉन रबर ओततात. थरांच्या कडांमुळे पृष्ठभाग खरखरीत राहिला, तर काडीचे तंतू अडकतात आणि प्रशिक्षणार्थीला खोट्या अडथळ्याची सवय लागते. म्हणून आतली बाजू घासून गुळगुळीत करावी व सरावापूर्वी तीस पाण्यात विरघळणारे वंगण लावावे. राळेचे मुद्रक अधिक नितळ काम करतात, परंतु कच्ची राळ त्वचेला अपायकारक असते. हातमोजे घालून, धुऊन, अतिनील प्रकाशात पूर्ण घट्ट केल्याशिवाय तशी प्रतिकृती वर्गात आणू नये.

वर्गातील प्रात्यक्षिक

प्रतिकृती टेबलावर ठेवून 'घाला काडी' म्हटल्याने प्रशिक्षण होत नाही. चांगल्या वर्गात प्रथम प्रतिकृतीची काच काढून सर्वांना आतील वाट बोटाने दाखविली जाते. टाळू कोठे, शुक्तिका कोठे, चाळणीचे हाड कोठे, नासाग्रसनी कोठे. मग काच लावून प्रत्येकजण काडी घालतो आणि टोकाकडे पाहात तिची दिशा सुधारतो. काडी पेन धरावे तशी, बोटांच्या टोकांत धरावयाची, मुठीत नव्हे. अडथळा लागला तर जोर न करता काडी किंचित मागे घेऊन दिशा बदलावयाची, आणि तरीही न गेल्यास दुसरी नाकपुडी पाहावयाची. 'थांबणे' ही कृती शिकविण्यासाठी झुकलेल्या पडद्याची एक मुद्दाम कठीण प्रतिकृती जवळ असावी. सर्वांना सोपे नाक देणारा वर्ग कार्यकर्त्यांची फसवणूक करतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसऱ्या टप्प्यात काच कापडाने झाकतात. आता हातालाच पाहावयाचे असते. नासाग्रसनीच्या भिंतीवर आधीच रंगीत लेप लावून ठेवलेला असतो. काडी योग्य जागी पोचून काही सेकंद हळुवार फिरली, तर तिच्या टोकाला रंग लागतो. चाळणीच्या हाडाखाली दुसऱ्या रंगाचा लेप ठेवला, तर चुकीच्या दिशेचाही पुरावा काडीच आणून देते. परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा हा रंग प्रशिक्षणार्थीला लवकर पटतो. त्यावर वादही होत नाही.

काडी बाहेर काढली म्हणजे काम संपले असे नाही. ती इतरत्र न टेकवता विषाणुवाहक द्रवाच्या नळीत ठेवणे, दांडीवरील खाचेशी मोडणे, झाकण घट्ट लावणे, नळीवर नाव व क्रमांक लिहिणे आणि ती २ ते ८ अंश सेल्सियसच्या थंड पेटीत ठेवणे, हा सर्व क्रम प्रतिकृतीसमोरच गिरविला पाहिजे. प्रयोगशाळेत पोचण्यास ७२ तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर उणे ७० अंशांची शीतसाठवण लागते. काडी कोणती घ्यावी हेही येथेच सांगावे. कृत्रिम तंतूंची टोके व प्लास्टिकची दांडी असलेलीच काडी वापरावयाची असते. साध्या कापसातील व लाकडी दांडीतील काही द्रव्ये चाचणीत अडथळा आणू शकतात. दिसायला काडी काडीसारखीच असली, तरी.

घशातील नमुन्यासाठी तोंड उघडे असलेली प्रतिकृती लागते. जीभ दाबून धरून घशाच्या मागील भिंतीवरून व टॉन्सिलवरून काडी फिरवावयाची आणि येताना-जाताना ती जिभेला किंवा गालाला लागू द्यावयाची नाही. हे ऐकायला सोपे आहे. प्रतिकृतीच्या जिभेला रंग लावून ठेवला, की पहिल्या प्रयत्नात किती काड्या रंगून बाहेर येतात ते कळते.

कोविडच्या काळातील अनुभवाने आणखी एक धडा दिला. सराव मोकळ्या हातांनी झाला व प्रत्यक्ष काम मात्र अंगभर संरक्षक पोशाख, दुहेरी हातमोजे आणि घामाने धुरकटलेले चष्मे घालून करावे लागले. केरळातील एर्नाकुलम येथे एप्रिल २०२० मध्ये उभारलेल्या काचेच्या कक्षांत तर कार्यकर्ता आत बसून, काचेला जोडलेल्या जाड रबरी मोज्यांतून नमुना घेत असे. अशा मोज्यांत बोटांची जाणीव बोथट होते. त्यामुळे शेवटचा सराव पूर्ण पोशाखातच घेतला जावा. प्रतिकृती घामाची व उकाड्याची तक्रार करीत नाही, कार्यकर्त्याला मात्र दोन्हींची ओळख आधीच होते.

प्रतिकृती काय शिकवू शकत नाही

उत्तम प्रतिकृतीही शेवटी वस्तूच. तिला शिंक येत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, ती अचानक डोके मागे ओढीत नाही. जिवंत नाकात तर दर काही तासांनी एका बाजूची त्वचा फुगते व दुसऱ्या बाजूची ओसरते. सकाळी मोकळी असलेली नाकपुडी दुपारी अरुंद असू शकते. प्लास्टिकचे नाक दिवसभर एकसारखेच राहते. रुग्णाला काय होणार आहे ते दोन वाक्यांत समजावून सांगणे, भेदरलेल्या वृद्धेच्या खांद्यावर हात ठेवणे, लहान मुलाला आईच्या मांडीवर कसे धरावयास सांगावे हे ठरविणे, या गोष्टी माणसाकडूनच शिकाव्या लागतात. एका प्रशिक्षणार्थीने प्रतिकृतीच्या मागे बसून रुग्णाचे संवाद बोलावेत, मध्येच 'थांबा' म्हणावे, अशी युक्ती वापरता येते. तरीही पहिले काही नमुने अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच घेतले जाणे आवश्यक आहे.

एकच प्रतिकृती सर्वत्र वापरण्याचा मोहही टाळावयास हवा. तीत एकाच माणसाचे नाक असते. मुलांच्या नाकात अंतर कमी, वाट अरुंद आणि मागे वाढलेल्या गाठी असण्याची शक्यता अधिक असते. प्रौढाच्या प्रतिकृतीवर तयार झालेला हात मुलाच्या नाकात प्रौढाचेच अंतर शोधू लागला, तर इजा होईल. मुद्रणाचा खरा लाभ येथे आहे. नवा साचा न पाडता, दुसरे स्कॅन घेऊन दुसरे नाक त्याच यंत्रावर तयार होते.

प्रयोगशाळा नमुन्याचा दर्जा स्वतः तपासू शकते, मग एवढी चिंता कशाला, असा प्रश्न येथे विचारला जाईल. आर. टी. पी. सी. आर. चाचणीच्या अनेक संचांत मानवी पेशींतील एका जनुकाचीही तपासणी होते. ते जनुक आढळले नाही, तर काडीला माणसाचा स्पर्शच नीट झाला नव्हता हे कळते. परंतु नाकपुडीच्या तोंडाशी फिरविलेल्या काडीवरही मानवी पेशी येतातच. काडी माणसाला लागली एवढे प्रयोगशाळा सांगू शकते; ती नासाग्रसनीपर्यंत गेली होती की नाही, हे सांगू शकत नाही. तेवढी जबाबदारी काडी धरणाऱ्या हाताचीच राहते.

साथीनंतरचे काम

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. नमुने घेण्याचे काम मात्र संपलेले नाही. इन्फ्लुएंझा, घटसर्प, गोवर यांच्या निदानासाठी व सर्वेक्षणासाठी नाका-घशातील नमुने लागतातच. घटसर्पात तर घशातील करड्या पडद्याच्या कडेखालून नमुना घ्यावयाचा असतो आणि तो रोग पूर्वीइतका दिसत नसल्यामुळे नव्या पिढीतील पुष्कळ कार्यकर्त्यांनी तो पडदा पाहिलेलाच नसतो. न पाहिलेले दाखविणे हे प्रतिकृतीचे मोठे सामर्थ्य होय.

याहूनही व्यापक क्षेत्र स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या विषाणूची एकदा तपासणी झालेल्या स्त्रियांच्या गटात वाढलेल्या अवस्थेतील कर्करोगाचे व त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे त्यात दिसून आले. या तपासणीचाही पाया नमुना हाच. गर्भाशयमुखापर्यंत पोचून तेथील पेशी टिपणारी आरोग्य सेविका जेवढी सराईत, तेवढा स्त्रीला होणारा त्रास कमी. आणि पहिल्या तपासणीत त्रास झालेली स्त्री शेजारणीलाही पाठवीत नाही. श्रोणीच्या मुद्रित प्रतिकृतींवर हे कौशल्य खाजगीपणाचा भंग न होता, कितीही वेळा गिरविता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्रियांनी स्वतःच नमुना घेण्याच्या पद्धतीलाही स्थान दिले आहे. तो कसा घ्यावा हे गावच्या बैठकीत स्त्रियांना दाखविण्यासाठीही अशी प्रतिकृती उपयोगी पडते.

प्रतिकृतींचे आराखडे संगणकीय स्वरूपात असल्यामुळे ते एका गावाहून दुसऱ्या गावी क्षणात पाठविता येतात. प्रवास करते ती माहिती, वस्तू स्थानिक पातळीवर बनते. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शहरांतील तरुण तंत्रज्ञांनी आपल्या घरच्या मुद्रकांवर संरक्षक मुखढालींच्या चौकटी करून रुग्णालयांना दिल्या, तेव्हा ही सोय सर्वांच्या लक्षात आली. ज्या तंत्रनिकेतनांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत असे मुद्रक आहेत, त्यांनी जवळच्या परिचर्या विद्यालयासाठी दोन-चार डोकी तयार करून द्यावीत, इतके हे काम आवाक्यातील आहे. महागडी गोष्ट प्लास्टिक नव्हे. आराखडा तपासणाऱ्या तज्ज्ञाचा वेळ आणि सराव घेणाऱ्या शिक्षकाची चिकाटी यांची तरतूद आधी व्हावी लागते, अन्यथा प्रतिकृती कपाटात शोभेची होऊन बसते.

कपाटातून बाहेर राहणाऱ्या प्रतिकृतीची निगाही राखावी लागते. मुद्रित थरांच्या फटींत ओलावा व घाण साठते, म्हणून प्रत्येक वर्गानंतर ती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत कोरडी करावी. उकळत्या पाण्यात घालू नये. सिलिकॉनचा आतील भाग वापराने फाटतो, तो वेळोवेळी बदलावा. सरावात वापरलेल्या काड्या वेगळ्या डब्यात टाकाव्यात आणि त्या डब्यावर ठळक अक्षरांत 'सरावाच्या' असे लिहावे. प्रतिकृतीत घातलेली काडी चुकूनही माणसाच्या नाकात जाता कामा नये.